बाधेची वही

पिंपळवंडीच्या वरच्या माळावर एका संस्थेचं लहानसं केंद्र होतं. दोन खोल्या, तारेचं कुंपण आणि आकाशाकडं तोंड करून उभ्या चार लोखंडी तबकड्या. गावानं त्याला नाव ठेवलं छत्री हापिस. वरून उपग्रहांकडून, ताऱ्यांकडून ज्या रेडिओ लहरी येतात त्या तिथं टिपायच्या. एका यंत्रात कागदाची गुंडाळी सरकत राहायची आणि तिच्यावर एक पेन रेघ ओढायचं. सगळं ठाकठीक असलं की रेघ सरळ. गडबड झाली की पेन थरथरायचं.

त्या पेनाजवळ दुपारी चार ते रात्री बारा बसायला सत्त्याण्णव साली भिमाजीला घेतलं. शिक्षण सातवी, अक्षर वळणदार, स्वभाव भित्रा आणि त्याहून जास्त मानी. असा माणूस फार वाईट हो! चूक कबूल करायला मान आडवा येतो आणि लपवली तर भीती झोपू देत नाही. भिमाजी आयुष्यभर या दोन्हींच्या कचाट्यात राहिला.

साहेबांनी त्याला एक जाड वही दिली. पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, ‘रेडिओ बाधा नोंदवही’. आता साहेब पुण्याचे. त्यांच्या पुस्तकी मराठीत बाधा म्हणजे व्यत्यय. आमच्या इकडं बाधा म्हणजे एकच. तिन्हीसांजेला ओढा ओलांडला की होते ती, लिंबू उतरवलं की जाते ती. भिमाजी बाधेची वही काखेत मारून फिरतो म्हटल्यावर गावाला आणखी काय पाहिजे? लोक त्याला भगत म्हणायला लागले. एक म्हातारी तर तापलेलं नातवंड घेऊन थेट कुंपणाशी आली आणि अंगारा मागू लागली. भिमाजीनं तिला दवाखान्याची वाट दाखवली, तर ती म्हणाली, “मंग तुमाला पगार कशाचा मिळतो?”

खरं काम असं होतं. पेन थरथरलं की भिमाजीनं एक छोटा ट्रान्झिस्टर घ्यायचा, त्याचा काटा कुठल्याच स्टेशनावर न ठेवता दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचा आणि सायकलवर निघायचं. नुसती खरखर ऐकत जायचं. जिकडं खरखर वाढेल तिकडं ठिणगी उडत असणार, मग ते वेल्डिंगचं मशीन असो, खांबावरची सैल तार असो, नाहीतर एखाद्याच्या पाण्याच्या मोटरीचा झिजलेला स्टार्टर. सापडलं की ते दहा मिनिटं बंद करायला लावायचं, बंद केल्याची आणि चालू केल्याची वेळ घड्याळात बघून लिहायची, आणि परत येऊन कागदावर बघायचं की त्या दहा मिनिटांत पेन शांत झालं होतं का. झालं असलं तरच वहीत कारण लिहायचं. साहेबांनी हे त्याला तीनदा बजावलं होतं. बंद करून बघितल्याशिवाय कुणावर ठपका ठेवायचा नाही.

नव्याण्णव सालच्या पितृपक्षात पेनानं वेगळाच नूर धरला. दिवस मावळून तास-दीड तास झाला की थरथर सुरू व्हायची, आणि ती साधीसुधी नव्हे. रेघ नुसती केसाळ होऊन जायची. मध्यरात्रीकडं आपोआप थांबायची. चार रात्री भिमाजी सायकल दामटून आला, काही सापडलं नाही. पाचव्या रात्री जानकूच्या विहिरीवर ट्रान्झिस्टर करकरला.

जानकू म्हणजे भिमाजीचा लहानपणापासूनचा सोबती. याच विहिरीत दोघं पोहायला शिकले. रिकामी घागर उपडी धरून दोघांनी मिळून ती पाण्याखाली दाबायची, श्वास कोंडून तळाकडं न्यायची आणि मग हळूच वाकडी करायची. आत कोंडलेली हवा भडाभडा वर सुटायची आणि अख्खी विहीर हलायची. जानकूचा दम मोठा. भिमाजी कधीच वर आलेला असायचा आणि हा खालीच. वर आला की आधी खोकायचा आणि मग हसायचा.

त्या रात्रीही तो हसतच होता. टोमॅटोला पाणी चाललं होतं, बांधावर दोघं-तिघं बसले होते.

“जानक्या, मोटर दहा मिनटं बंद कर.”

“का रं?”

“वर पेन थरथरतंय. तुझा स्टार्टर ठिणग्या टाकतोय.”

“आठाला लाईट येती, कवा जाईल नेम न्हाई. आन तुझ्या भुतासाठी म्या पानी मोडू व्हय?” मग तो बांधाकडं वळून ओरडला, “बघा रं, भगतानं लिंबू आनलंय का न्हाई!”

सगळे खदाखदा हसले. भिमाजीचं डोकं फिरलं. चार रात्रींचं जागरण, त्यात हे. तो तसाच परत फिरला, केंद्रावर आला आणि कागदाकडं ढुंकूनही न बघता वहीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘कारण – जानकू यांची मोटर. ८.४० ते ८.५० बंद केली असता बाधा थांबली.’ मग बाहेर जाऊन पायरीवर पाठमोरा बसला. बारा वाजता गुंडाळी काढली, तारीख घातली आणि ट्रंकेत टाकून दिली.

साहेबांनी ती नोंद वीज मंडळाला कळवली. चार दिवसांनी वायरमन तिची नक्कल घेऊन आला आणि जानकूची लाईन सोडवून गेला. नवा स्टार्टर बसव, मग जोडू, म्हणाला. रीतसरच होतं सगळं. वहीत लेखी होतं ना!

त्याच संध्याकाळी जानकू कुंपणाशी येऊन उभा राहिला. आता हसत नव्हता.

“भिमा, म्या मोटर बंद केलीच न्हाई. मंग बंद केल्यावर थांबली असं कसं लिव्हलंस?”

भिमाजीला तेव्हाच सांगता आलं असतं. चुकलो म्हणायला काय लागतं? एक शब्द! पण बांधावरचं ते हसणं कानात होतं. “लिव्हलं ते लिव्हलं,” तो म्हणाला आणि आत गेला.

नारायणगावात स्टार्टर मिळेना, मिळाला तर बसवणारा मिळेना. टोमॅटो माना टाकायला लागला. दिवाळीला आठ दिवस असताना एका रात्री जानकूनं वरच्या तारेवर आकडा टाकून मोटर चालवायचा घाट घातला. पाय ओले, हातात उघडी वायर. सकाळी चिमाबाई, त्याची बायको, चहा घेऊन विहिरीवर गेली तेव्हा तो काठावर पालथा पडलेला होता.

भिमाजी मातीला गेला, खांदा दिला, आणि त्या रात्रीपासून खुर्चीत बसला की त्याला पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायला लागलं. वळून बघितलं तर भिंत. थंडी अशी गेली. जानकूची लाईन सुटल्यापासून पेन मात्र शांत होतं, रेघ सरळ. साहेब म्हणाले, “बघा, कारण सापडलं ना!” भिमाजीला वाटलं, चला, निदान लिहिलं ते खरं तरी होतं. खोटं लिहून का होईना, खरा दोषी धरला. या एका आधारावर त्याचं कसंबसं चाललं होतं.

होळी झाली आणि दिवस मावळून तासाभरानं पेन पुन्हा थरथरलं.

विहीर बंद, मोटर मुकी, स्टार्टर काढून जानकूच्या घरच्या कोनाड्यात ठेवलेला. आणि थरथर तीच, वेळ तीच, रेघ तशीच केसाळ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अरे, मोटर नाही तरी हे चालूच आहे, म्हणजे कारण निराळं. पण भिमाजीच्या मनाला तो विचार शिवलाच नाही. बाधेच्या वहीत ज्याचं नाव लिहिलं तोच बाधा होऊन आला, एवढंच त्याला कळलं. तो ट्रान्झिस्टर घेऊन निघालाही नाही. पेनाकडं बघत बसला, आणि पाठीमागचा मागं उभा होता.

उन्हाळ्यात थांबलं. पावसाळ्यात थांबलेलंच होतं. पुढच्या पितृपक्षात पुन्हा आलं. भिमाजीची बायको कुशाबाई ओझरला विघ्नहराला नारळ ठेवून आली. “अवं, नोकरी सोडा ती,” ती म्हणायची. “रातचं झोपेत ‘लिव्हलं ते लिव्हलं’ म्हनता. काय लिव्हलंत एवढं?” भिमाजी कूस बदलायचा.

त्याच पितृपक्षात एक दिवस चिमाबाईनं त्याला वाटेत गाठलं. जानकू गेल्यापासून तो तिच्या घरावरून जायचा टाळायचा, लांबून शेतांमधल्या पांदीनं फिरून जायचा. ती पांदीतच उभी राहिली होती.

“भाऊजी, तुमी बाधा बघता नव्हं?”

“वैनी, ती तसली न्हाई बाधा. लोक आपलं उगा...”

“ह्यांचा रेडिओ हाय घरात. ह्यांनी काटा लावलेला तसाच ठिवलाय म्या, त्ये लांबचं स्टेशन. गानी लागत्यात, भाषा कळत न्हाई. तर आता दिस मावळला का थोड्या येळानं त्यो आवाज थरथरतो. पान्याखालनं कुनी बोलावं तसा. सा महिने गप व्हता, आता पुन्ना आलाय.” तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. “मला त्यो घालवायचा न्हाई. त्यो काय म्हनतो, तेवढं सांगा मला.”

जानकू काय म्हणतो हे भिमाजीला चांगलं ठाऊक होतं. म्या मोटर बंद केलीच न्हाई, असं म्हणतो. दुसरं काय म्हणणार? “बघतो, वैनी,” असं पुटपुटून तो सटकला, आणि त्यानंतर पांदीनं जायचंही सोडलं.

दोन हजार एक साली, होळीच्या सुमाराला पुण्याहून प्राची नावाची एक मुलगी केंद्रावर अभ्यासाला आली. चोवीस-पंचवीसची, अंगात वारं भरल्यासारखी. आल्या आल्या तिनं ट्रंक उघडली आणि जुन्या गुंडाळ्या जमिनीवर पसरल्या. दोन दिवस गुडघ्यांवर रांगत कागद बघितले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली.

“भिमाजीकाका, इकडं या! हे तुम्ही टिपलंय? सोनं आहे सोनं!”

भिमाजी गेला. तिच्या बोटाखाली नव्याण्णव सालच्या पितृपक्षातली ती रात्र होती.

“ह्ये तर... मोटरीचं हाय,” तो म्हणाला.

“कसली मोटर? काका, हे वरून आलंय. शंभर-दोनशे मैल वरून.”

मग ती मांडी घालून सांगत बसली. दिवसा सूर्याच्या तेजानं अगदी वरची विरळ हवा फुटते, तिच्यात वीज भरते आणि त्या विजेच्या कणांचा एक थर पृथ्वीभोवती पसरतो. दिवस मावळला की या थराची खालची बाजू लवकर विरते, वरची टिकून राहते. शिवाय दक्षिणेकडं, केरळच्या बाजूला, मावळतीच्या वेळेस हा सगळा थर आणखी वर ढकलला जातो. म्हणजे वर दाट आणि खाली विरळ.

“आता जड वर आणि हलकं खाली, असं किती वेळ राहणार?”

“न्हाई राहायचं,” भिमाजी सावकाश म्हणाला. “घागर उपडी धरून विहिरीत दाबली आन वाकडी केली, तर हवा भडाभडा वर येती.”

प्राचीनं टाळीच वाजवली. “अगदी हेच! असेच बुडबुडे उठतात, मैलच्या मैल उंच. ते वर चढतात, आपल्याकडं पसरत येतात, आणि वरून येणारी लहर त्यांच्यातून आली की थरथरते. लांबच्या रेडिओचा आवाजसुद्धा थरथरतो. मध्यरात्रीनंतर विरून जातात. दिवसरात्र सारखे असतात त्या दोन मोसमांत जास्त, होळीच्या आणि पितृपक्षाच्या सुमाराला. त्यात हल्ली सूर्य खवळलाय, त्यावर डाग वाढलेत, म्हणून नव्याण्णवपासून इतके दिसताहेत.”

“पर त्या रातीला मोटर चालू व्हती...”

“असेल की! आठ वाजता लाईट येते म्हणून आठला मोटर लागते, आणि आठच्याच सुमाराला बुडबुडे येतात. योगायोग. पण हे बघा.” तिनं कागदावर एका बारीक टिचकीवर नख ठेवलं. केंद्र बॅटरीवर गेलं की तशी टिचकी उमटायची. “नऊ वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. म्हणजे गावातल्या सगळ्या मोटरी बंद. आणि पेन थरथरतंय पार पावणेबारापर्यंत! वहीत तुम्ही लिहिलंय ‘बंद केली असता बाधा थांबली’. घाईत चुकलं असेल. पण कागद किती छान आहे, काका!”

कागद कधीपासून ट्रंकेत होता. दीड वर्ष. त्या रात्री पायरीवर पाठ फिरवून बसायच्या ऐवजी त्यानं एकदा, फक्त एकदा मान वळवली असती तरी दिसलं असतं. भिमाजीनं गुंडाळीवरची आपल्याच अक्षरातली तारीख पुन्हा वाचली.

एवढे दिवस तो भुताला भ्यायला होता. आता त्याला वाटलं, भूत असतं तर किती बरं झालं असतं. भूत असतं तर जानकू निदान कुठंतरी असता, रागावलेला का असेना. आणि दोषी तरी असता! आता तर दोन्हीही गेलं. त्याचा गुन्हा नव्हताच, आणि तो आलेलाही नव्हता.

दिवस मावळायच्या आधी भिमाजीनं वही काखेत मारली. “मॅडम, आज पेनाकडं तुमी बघा. मला खाली जायचंय,” एवढंच बोलला आणि उतरला. पांदीनं नाही, सरळ रस्त्यानं.

चिमाबाई चुलीपुढं होती. तिनं त्याच्याकडं आणि काखेतल्या वहीकडं बघितलं आणि घोंगडी टाकली. कोनाड्यात रेडिओ लागलेला होता. त्याच्या शेजारी जुना स्टार्टर. परक्या भाषेतलं एक गाणं सावकाश चाललं होतं, आणि भिमाजी बसतोय तोवर ते थरथरायला लागलं. विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

“आला,” चिमाबाई म्हणाली.

“वैनी, त्यो जानकू न्हाई.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“वरच्या हवंत बुडबुडं उठत्यात. त्यातनं आवाज आला का थरथरतो. माझं पेनबी त्यानंच थरथरतं. ह्यो जानकू न्हाई, वैनी.” त्यानं कोनाड्यातल्या स्टार्टरकडं बघितलं. “आन तवाबी नव्हता.”

चुलीतलं लाकूड तिनं बाहेर ओढलं.

“त्याची मोटर नव्हती ती. त्यानं बंदबी केली नव्हती. म्या बघितलंच न्हाई, आन लिव्हलं. लोकं हसली म्हनून लिव्हलं.”

“बंद केली नव्हती ह्ये ठावं हाय मला,” चिमाबाई म्हणाली. “लाईन सोडवली त्याच राती सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनलं व्हतं, भिमा खोटं लिव्हायचा न्हाई, घोटाळा झाला आसंल, त्यो यील सांगायला. म्हनून तुमाला पांदीत इचारलं, काय म्हनतो त्यो. पर मोटरच नव्हती, ह्ये मला ठावं नव्हतं. म्या आपली आतापत्तोर त्यांनाच बोल लावीत आले. बदलला आसता सटार्टर येळंवर, तर...”

भिमाजी ओक्साबोक्शी रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. गप्प बसा म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही.

“वहीत अजून त्यांचं नाव हाय?” मग तिनं विचारलं.

“हाय. खोडतो म्या आत्ता.”

“खोडू नगा. खोडलं तर तुमचंबी झाकलं जाईल. खाली लिवा.”

चुलीच्या उजेडात भिमाजीनं वही मांडीवर घेतली. त्याचं वळणदार अक्षर त्या दिवशी वेडंवाकडं आलं. चिमाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं : “मोटर बंद केली नव्हती. मी खोटे लिहिले. जानकूचा दोष नाही. बाधा जमिनीवरची नव्हती, वरची होती. भिमाजी.”

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, जानकूचं नाव कुठं आहे ते त्याला दाखवायला लावलं आणि तिथं थोडा वेळ बोट तसंच राहू दिलं. कोनाड्यात गाणं थरथरत होतं. रोज याच वेळेला ती भाकरी थापत त्याच्याशी दोन शब्द बोलायची, टोमॅटो कसा आलाय, पाऊस कसा लांबलाय. आज तिनं मान कलती करून ऐकलं. पुन्हा ऐकलं.

“आता नुस्तंच थरथरतंय,” ती म्हणाली, आणि उठून तिनं बटण फिरवलं.

भिमाजी माळ चढून केंद्रावर आला. प्राची कागदावर वाकून वेळा टिपत होती. “काका, आज काय जोरात आलेत बघा!” ती म्हणाली. तो आपल्या खुर्चीत बसला. पेन वेड लागल्यासारखं थरथरत होतं. दीड वर्षाच्या सवयीनं त्यानं पाठ ताठ केली आणि वाट बघितली. मग हळूच, मान वळवून, मागं बघितलं.

बारा वाजेपर्यंत तो पुन्हा पुन्हा मागं बघत होता. मागं कुणीच आलं नाही.